देवासचं मातीचं गोकुळ

सोळाव्या शतकात ब्रुसेल्सच्या विणकरांनी ओव्हिडच्या काव्यातली एक कथा भिंतीवरच्या पडद्यांवर लोकर, रेशीम आणि सोन्याच्या तारांनी विणली. फळबागांची देवी पोमोना कुणा पुरुषाला बागेत फिरकू देत नाही. तिच्यावर जीव जडलेला व्हर्टम्नस सोंगांमागून सोंगं घेतो आणि अखेर म्हातारीच्या वेषात आत शिरतो. आज हे पडदे माद्रिदच्या राजवाड्यात आहेत.

ते ज्या घराण्याचे, ते हॅब्सबर्ग कट्टर कॅथलिक. व्हर्टम्नसला तिथे कुणी नवस बोलत नव्हतं. म्हणूनच त्याला भिंतीवर टांगता आलं, मुक्काम हलला की गुंडाळून सोबत नेता आलं. आपल्याकडे नाथद्वाऱ्याची पिछवाईही कापडावरची कृष्णकथाच, पण ती श्रीनाथजींच्या पाठीमागे लागते, सणवार आणि ऋतू पाहून बदलते. तिथे देव जागा आहे.

असाच जागा देव देवासलाही होता. देवास हे पवारांचं मराठी संस्थान होतं. देवासच्या थोरल्या पातीत 1921 च्या गोकुळाष्टमीला तुकोजीराव महाराज स्वतः देवापुढे गात होते, नाचत होते. त्यांचे चिटणीस, इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर ते बघत होते. या अनुभवावरून त्यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत जो उत्सव रंगवला, त्यात तबकाएवढं मातीचं गोकुळ आहे: डोकं भलतंच मोठं आणि बसायला इवलीशी खुर्ची, असा कंस, कोपऱ्यात कृष्णाचे आईबाप. शेवटी हे गोकुळ पाण्यात सोडतात.

मला हे गोकुळ त्या पडद्यांहून थोर वाटतं. खर्चाची बाजू मात्र झाकता येत नाही: संस्थान कर्जात बुडालं, 1933 मध्ये महाराज पाँडिचेरीला निघून गेले. तरीही, कथा दरवर्षी नव्याने घडवायची आणि हाताने बुडवायची, यासाठी देवावर केवढा भरवसा लागतो! पडदा नष्ट झाला की उरतं ते नुकसान. 1797 मध्ये फ्रान्सच्या सरकारने राजघराण्याचे कितीतरी पडदे सोन्याचांदीसाठी जाळले. विणकरांची वर्षं धुरात गेली. मातीचं गोकुळ विरघळतं तेव्हा उत्सव पुरा होतो.

आणि देवासचा तो उत्सव आज आपल्याला दिसतो तो फॉर्स्टरमुळे. त्यांची स्वतःची धर्मश्रद्धा तरुणपणीच सुटली होती. देवापुढे नाचणाऱ्या महाराजांना असं काही टिपून ठेवायची गरजच पडली नाही.