आग्रह आणि निग्रह

आपल्या भाषेत वजन वाढलेल्या माणसाला ‘तब्येत सुधारली हो!’ म्हणतात आणि वजन उतरलेल्याला ‘किती वाळलास, बरे नाही का?’ असे विचारतात. अंगाने भरलेला माणूस ‘खात्यापित्या घरचा’ असतो, ज्याच्या शब्दाला मान असतो तो ‘वजनदार’. वजन कमी करू पाहणाऱ्याला पहिला विरोध होतो तो असा भाषेकडूनच. घरचे आणि मित्र मागाहून येतात.

गेल्या वर्षी माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली आणि ८६ किलोंतून निदान सहा किलो उतरवावेत, असे डॉक्टरांनी सांगितले. मागणी फार मोठी नव्हती. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच उंबरठ्यावरील लोकांना सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. एवढे समजल्यावर उरते ते केवळ मनाला आवर घालण्याचे काम, अशी माझी समजूत होती.

ती लवकरच खोटी ठरली. आमच्या इंदुरात सकाळी फिरायला निघालेली मंडळी शेवटी पोहे-जिलबीच्या दुकानापाशी विसावतात आणि पाहुणा आला की त्याला रात्री सराफ्यात नेणे हा गृहस्थधर्म समजला जातो. मी नुसता चहा मागू लागलो, तेव्हा मित्रांनी आधी थट्टा केली, मग ‘एका जिलबीने काय होते?’ असा युक्तिवाद केला आणि अखेर ते नाराज झाले. विचार केल्यावर वाटले, की पंगतीतल्या एकाने हात आखडला की उरलेल्यांना आपल्या ताटाकडे पाहावे लागते. न बोलता केलेला त्यागही त्यांना टीका वाटतो. आणि खरे सांगायचे, तर त्या चहाच्या घोटात माझाही थोडा श्रेष्ठत्वाचा गोडवा होताच.

मित्रांचे एक वेळ सोडून देता येते. घरचा प्रश्न त्याहून अवघड. होळीच्या दिवशी ८२ वर्षांची आई तिसरी पुरणपोळी घेऊन आली. मी पानावर हात आडवा धरला आणि जरा जोरातच म्हणालो, ‘‘नको म्हटलं ना!’’ तिने पोळी मुकाट्याने परत नेली आणि स्वतः दूधभातावर जेवण आटोपले. त्या रात्री मला भुकेने नव्हे, दुसऱ्याच कारणाने झोप आली नाही. जिने अन्न घालून वाढवले, तिचे अन्न नाकारण्याचा अधिकार मला आहे काय?

तिच्या बाजूने पाहिले तर तिसरी पोळी ही हट्टाची गोष्ट नाही. १९६५-६६ च्या टंचाईत, माझ्या जन्माच्या सुमारास, रेशनच्या गव्हाच्या पोळ्या तिने मोजून लाटल्या. मुलाच्या बरगड्या दिसू लागल्या की क्षयाची शंका येई, असा तो काळ. ज्या पिढीने कृशतेत आजार पाहिला, तिला स्थूलतेत आजार पाहायला सांगणे म्हणजे तिच्या उभ्या आयुष्याचा अनुभव उलटा वाचायला सांगणे होय. तिचा आग्रह चुकीचा असेल, खोटा नाही.

आग्रह आणि निग्रह हे दोन्ही शब्द ‘ग्रह्’ म्हणजे ‘धरणे’ या एकाच धातूपासून आले आहेत. आग्रहात आपण दुसऱ्याला धरून ठेवतो, निग्रहात स्वतःला. पकड प्रमाणाबाहेर घट्ट झाली, की दोहोंचाही दुराग्रह होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याबरोबर मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

मग घरच्यांनी साथ द्यावी ही अपेक्षा कितपत रास्त? गांधीजींच्या आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतला एक प्रसंग आहे. आजारी कस्तुरबांनी मीठ आणि डाळी सोडाव्यात म्हणून ते विनवीत होते. तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही, असे त्या म्हणाल्या. त्याच क्षणी गांधीजींनी दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. कस्तुरबांनी रडून विनवले तरी त्यांनी व्रत मागे घेतले नाही. पुढे त्यांनीही पथ्य पाळले. सोबतीने केलेला त्याग शंभर उपदेशांहून मोलाचा, हे यातून दिसते. पण कस्तुरबांपुढे दुसरा मार्ग तरी कोणता उरला होता, हा प्रश्नही मनातून जात नाही. दडपणाने मिळवलेली साथ हाही एक आग्रहच. माझ्यासाठी घरातली पुरणपोळी बंद व्हावी असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

शिवाय विरोध करणारे सगळे बाहेरच असतात असेही नाही. वजन उतरवल्यानंतर भुकेशी संबंधित संप्रेरकांत झालेले बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे माझे शरीरही आईसारखेच, गेलेले परत मागणारे! जो निग्रह इतरांच्या टाळ्यांवर उभा राहतो, तो काटा एका जागी अडकला आणि टाळ्या थांबल्या, की बसतो. आणि जो इतरांच्या विरोधावर पोसला जातो, तो निग्रह नसून अहंकार असतो. खरा निग्रह संमतीची वाट पाहत नाही आणि असंमतीचा रागही धरीत नाही.

आता सणाच्या दिवशी मी आईला आधीच सांगतो, ‘‘आई, एकच पोळी खाईन, पण ती तूच वाढ.’’ ती पोळी मी सावकाश खातो आणि तिचे जेवण होईपर्यंत पानावरून उठत नाही. तिला हवे होते ते बहुधा हे बसणेच. पोळी ते मागण्याची तिची भाषा होती. मित्रांबरोबरही त्या दुकानापाशी मी पूर्वीइतकाच वेळ थांबतो.

काटा आज ८१ वर आहे. आईला मात्र हे अजून पटलेले नाही. परवाच माझ्या मनगटाला हात लावून ती म्हणाली, ‘‘वाळलास रे.’’ मी ‘हो’ म्हणालो, आणि तिने पुढे केलेली ताकाची वाटी दोन्ही हातांनी घेतली.