विंचू आणि पाकीट

१९९८ सालची गोष्ट. भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती. शेजारची काकी भारा उचलायला वाकली आणि किंचाळली. लाल विंचू. काळा विंचू आमच्याकडं मोठा दिसतो, पण रात्रभर रडवून सोडून देतो. लाल असतो बारका, आणि माणूस नेतो. अर्ध्या तासात काकीला दरदरून घाम फुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले.

माझ्याकडं तेव्हा कमांडर जीप होती. पावसाळ्यात शेती, बाकीचे दिवस कल्याण-मुरबाड रस्त्यावर प्रवासी भरायचे. काकीला घालून आधी आरोग्य केंद्रात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्यानं रक्तदाब घेतला, छाती ऐकली, एक गोळी दिली. म्हणाला, "रात्रभर इथंच राहू द्या. दर तीन तासांनी गोळी देतो, मी जागाच आहे."

काकी शुद्धीवर होती. ती पण म्हणाली, "मना इथंच राहू दे रं. घर जवळ हाय."

तिचा मुलगा घाबरला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊ, तुम्ही रोज कल्याण बघता. तुम्ही सांगाल तसं."

मी म्हटलं, "कल्याणला नेऊ."

हे मी का म्हटलं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. दोन महिने आधी एका पाय मोडलेल्या माणसाला मी कल्याणच्या एका खाजगी दवाखान्यात पोचवलं होतं. निघताना काउंटरवरच्या माणसानं बाजूला घेऊन पाकीट दिलं. पाचशे रुपये. "डिझेलचे समजा," म्हणाला, "पेशंट असला की इकडंच आणत जा." डिझेलचे समजा कसले, भाडं तर मी त्या घरच्यांकडून घेतलंच होतं. पण जीपचा हप्ता थकला होता. पाकीट खिशात गेलं.

तर काकीला घेऊन निघालो. रायत्याचा पूल ओलांडला, शहाड मागं टाकलं. मुरबाड रोडवर पालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय लागतं. मुलानं विचारलं, "इथं नाय का?" मी गिअर बदलला आणि पुढं गेलो.

त्या दवाखान्यात मुलासमोर इंग्रजी कागद ठेवला. बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली. मी दहावी शिकलेला, पण मलाही त्यातली पहिली ओळ लागली नाही, आणि लागत नाही असं बोललोही नाही. तीन दिवसांनी काकी चालत बाहेर आली. बिल नऊ हजारांच्या वर. मुलानं बैलजोडीतला एक बैल विकला. आणि मला या वेळी सातशे मिळाले.

पुढं २०१३ साली पेपरात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची बातमी वाचली. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय काढायला पाठवलं होतं. तपासणी केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा चेक आला, रुग्ण पाठवल्याबद्दल. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. असे पैसे घेऊ नयेत हे डॉक्टरांच्या २००२च्या नियमावलीत लिहिलेलंच आहे. जीपवाल्यांची नियमावली कुणी केलेली नाही, हे मी तेव्हा स्वतःला सांगून पाहिलं. फार वेळ पटलं नाही.

बावस्करांविषयी आणखी वाचत गेलो आणि थबकलो. हेच ते विंचवाचे डॉक्टर. जालन्याकडचे, गरीब घरातले. १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवानं माणसं मरत. हे रात्र रात्र खाटेशी बसून काय होतं ते लिहीत राहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी यावर चालते, हे त्यांनी दाखवलं. १९८६ साली परदेशातल्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आमच्या आरोग्य केंद्रातल्या त्या पोरसवदा डॉक्टरनं काकीला दिलेली गोळी बहुधा तीच. म्हणजे गोळी शोधणारा आणि चेक परत करणारा माणूस एकच, आणि मी एकाच रात्री दोन्हीकडं पाठ फिरवून जीप हाकली.

बायको म्हणते, "काकी वाचली ना? मग कशाला उगाळता?" वाचली, खरंय. कदाचित कल्याणला नेलं म्हणूनच वाचली असेल. रात्री छातीत पाणी झालं असतं तर आरोग्य केंद्रात ऑक्सिजन होता का, तेही मी विचारलं नव्हतं. पण माझी खरी अडचण तिथंच आहे. माझा सल्ला बरोबर होता की नाही, ते मला कधीच कळणार नाही. मी काकीच्या तोंडाकडं बघून तो दिलाच नव्हता. खिशात पाकीट असलं की बरोबर बोललेलंही आपल्याला आपलं वाटत नाही. डॉक्टरांचंही असंच होत असेल. पहिल्या चेकला वाटत असेल, तपासणी तर हवीच होती. दहाव्या चेकनंतर हवी होती की नव्हती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नसेल.

पुढं बावस्करांनी विंचू चावलेल्या ७० जणांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि विंचवाची लस. लस दिलेले लवकर बरे झाले. २०११ साली ते छापून आलं. आम्हीही नवं बियाणं असंच बघतो, अर्ध्या खाचरात जुनं, अर्ध्यात नवं. पण खाचराला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं, त्याच्या भाषेत, आणि तो नाही म्हणाला तर थांबावं लागतं. काकी तर सरळ नाही म्हणाली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं होतं. आम्ही दोघं पुरुष तिच्या डोक्यावरून बोललो.

काकी पुढं बारा वर्षं जगली. दर वर्षी नव्या तांदळाची पहिली भाकर माझ्या घरी आणायची. येईल त्याला सांगायची, "यानं मना वाचवली." मी भाकर खायचो.

जीप २००४ मध्ये विकली. काकीचा मुलगा अजून शेजारीच राहतो, बैल काही त्यानं परत घेतला नाही, नांगरटीला ट्रॅक्टर सांगतो. त्याला वाचायची आवड आहे. माझं काहीही छापून आलं की पहिली प्रत तोच मागून नेतो.