पाणी कधी तोडायचे?

माझ्या भाच्याच्या गव्हावर कधी तांबेरा पडत नाही. रानडुकरे त्याच्या वावरात शिरत नाहीत, काढणीच्या तोंडावर गारपीट होत नाही, आणि गव्हाला भाव मिळाला नाही म्हणून त्याचे काही अडतही नाही. तीन गव्हांचा एक पाव होतो आणि तो त्याचा तोच खातो. नागपुरातल्या एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर, 'माइनक्राफ्ट' नावाच्या चौकोनी ठोकळ्यांच्या जगात त्याची ही शेती चालते. गेल्या दिवाळीत त्याने मला त्यातली नवी सुधारणा मोठ्या कौतुकाने दाखवली. कुणा हौशी माणसाने तयार केलेला एक 'मॉड' त्याने खेळाला जोडला होता. पिकलेल्या गव्हावर एकदा क्लिक केले की कापणी होते आणि त्याच जागी बीही आपोआप पेरले जाते. "मामा, शेती किती सोपी झाली बघा. आता बरी झाली ना?"

मी 'हो' म्हणालो खरा, पण ते उत्तर मला चिकटून बसले. आमच्या घरची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. ती दादा पाहतो. मी नोकरीच्या मागे नागपूरला आलो. शेती सोपी झाली म्हणजे बरी झाली का, हा प्रश्न आमच्या घरात तीस वर्षांपासून चालू आहे. फक्त तो विचारताना कुणी हसत नाही.

आधी खेळाचे पाहू. माइनक्राफ्टमधली शेती मुळात काही फार अवघड नाही. माती मोकळी करायची, गवत तोडताना सापडलेले बी टाकायचे. पाण्याचा एक ठोकळा चहूबाजूंना चार-चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवतो. मशाली लावल्या तर पीक रात्रीही वाढते. खेळातला दिवस वीस मिनिटांचा आणि गहू आठ टप्प्यांत पिकतो. भान न ठेवता वाफ्यात उडी मारली तर माती दबते आणि पीक जाते. सांगाड्यांना मारून हाडे मिळवता येतात आणि त्या हाडांचे बोनमील करून पिकाला घालता येते. हाडांचा चुरा आपल्याकडेही बागेत खत म्हणून घालतात हे मी सांगितले तेव्हा भाच्याचा विश्वास बसेना. ती खेळ बनवणाऱ्यांच्या डोक्यातली कल्पना आहे, अशी त्याची समजूत होती.

या बोनमीलचा इतिहास मला फार उद्बोधक वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत चिमूटभर बोनमील टाकले की नुकते पेरलेले रोप जागच्या जागी पिकून उभे राहायचे. मार्च २०१३ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीत खेळाच्या कर्त्यांनी हे बदलले. एका चिमटीत पीक काही टप्पेच पुढे सरकेल, पूर्ण पिकायला आणखी खर्च करावा लागेल, असे केले. म्हणजे आधी फुकट दिलेली सोय त्यांनी निम्मीशिम्मी परत घेतली. मला ते पटते. पीक क्षणात येऊ लागले की मोठ्या वावराची गरज उरत नाही. पाणी कुठून आणायचे, कुंपण कुठे घालायचे, लांबच्या सफरीला निघण्याआधी काय पेरून जायचे, यातल्या कशालाच अर्थ राहत नाही. मातीचा एक ठोकळा आणि हाडांची पिशवी असली की पुरे. त्याला शेत म्हणण्यापेक्षा किराणा दुकानाचे काउंटर म्हणावे.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची एक व्याख्या दिली. ज्या अडथळ्यांची काही गरज नाही, ते आपखुशीने ओलांडायचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकता येतो, पण तसे कुणी करत नाही. (पुस्तकाचा नायक मुंगी आणि टोळाच्या गोष्टीतला टोळ आहे, म्हणजे ज्याने उन्हाळाभर शेतीचे नाव काढले नाही तो. हा विनोद मला फार आवडतो.) या व्याख्येने पाहिले तर खेळातली शेती सोपी करत नेणे म्हणजे खेळ थोडा थोडा संपवत नेणे.

पण एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. कारण सगळेच अडथळे एका जातीचे नसतात. एरिक बॅरोन या तरुणाने चारेक वर्षे एकट्याने खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ बनवला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तो आणला. त्यात पहिल्या हंगामात रोज सकाळी झारी घेऊन एकेका रोपाला पाणी घालावे लागते. अंगातली ताकद संपत जाते, दिवस तिथेच मावळतो. पुढे तांबे-लोखंड वितळवून तुषारसिंचनाची साधने करता येतात. साधे साधन शेजारच्या चार रोपांना पाणी देते, सर्वांत भारी साधन चोवीस रोपांना. हे हाती आल्यावर खेळ फिका पडतो का? उलट तिथून तो रंगतो. झारीचे काम हाताचे होते, त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. ते सुटल्यावर अठ्ठावीस दिवसांच्या हंगामात कोणते पीक कधी लावायचे, हे खरे डोक्याचे काम समोर येते. शिवाय ही सोय खेळणाऱ्याने स्वतः कमावलेली असते आणि झारीचे ओझे काय होते ते त्याला आठवत असते.

भाच्याचा मॉडही याच जातीचा आहे, हे नंतर माझ्या लक्षात आले. कापल्यावर पुन्हा त्याच ठोकळ्यावर बी टाकण्यात कसलाच निर्णय नसतो. तेव्हा माझे 'हो' चुकले नव्हते. पण त्याच खेळात त्याने आणखी एक सोय केली होती आणि ती पाहून मात्र मी गप्प झालो. खेळातले गावकरी शेती करू शकतात. पेरतात, कापतात, पुन्हा पेरतात. त्याने दोन गावकरी नऊ बाय नऊच्या वाफ्यात भिंती घालून कोंडले होते. त्यांनी राबायचे आणि धान्य याच्या पेटीत जमायचे. "हे बाहेर नाही पडत?" मी विचारले. "दारच नाही ठेवलं." गुढीपाडव्याला साल ठरवून घेणारा आमच्या वडिलांच्या वेळचा सालगडी मला आठवला. त्याला निदान पाडव्याला दुसरीकडे जाता येत असे. सोय कुणाच्या पाठीवरून येते, हे खेळात विचारावे लागत नाही. ते तर ठोकळेच.

'फार्मव्हिल'चा तर उल्लेखही नको वाटतो. झिंगा कंपनीचा हा खेळ जून २००९ मध्ये फेसबुकवर आला, तेव्हा आमच्या कचेरीत लोक जेवणाची सुट्टी सोडून पिके कापायला बसत. वेळेवर कापले नाही तर पीक वाळून जायचे. पैसे भरले की ही कटकट कमी व्हायची. म्हणजे आधी अडचण पेरायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद झाला. त्याची आठवण काढून हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. विदर्भातल्या कृषी केंद्राच्या काउंटरवर उभ्या राहिलेल्या कुणालाही हा धंदा ओळखीचा वाटेल.

इथे सावधगिरीचा एक इशारा मला स्वतःलाच द्यावासा वाटतो. खेळातून निघालेला 'अडचण असावी, त्यात गोडी असते' हा निष्कर्ष वावरात न्यायची ओढ शहरात राहणाऱ्याला फार असते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात त्याची सुरुवात झाली असे सांगतात. लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आपल्याकडचा शेतीचा सर्वांत जुना खेळ हाच असावा. लाकडी बैलाला वैरण लागत नाही, त्याचे शेण काढावे लागत नाही, तो म्हातारा होऊन कुणाच्या दावणीवरचे ओझे होत नाही. ज्याच्या घरी खरी जोडी आहे त्यालाही या सोप्या बैलाचे कौतुक असते. मात्र तान्हा पोळा पाहून 'ट्रॅक्टर नको, बैलच बरे' असे म्हणणारा बहुधा शहरातल्या धरमपेठेत राहतो.

निंदण घ्या. पावसाळ्यात पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, तण माजते, डवरा ओळींमधून फिरतो, पण रोपाच्या बुडाशी हातानेच काढावे लागते. हे काम बायका करतात, दिवसभर वाकून. त्यात सूट्सच्या व्याख्येतले 'आपखुशीने' काहीच नाही. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारे, सरकारी मान्यता नसलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. कायदा मोडून तुरुंगाची जोखीम घेण्याइतकी निंदणाची मजुरी आणि मजुरांची टंचाई शेतकऱ्याला जाचत होती. निंदणाने माणूस मातीच्या जवळ जातो वगैरे मी त्यांना सांगायला गेलो असतो तर माझ्या हाती विळा देऊन मला ओळीत बसवले असते, आणि ते बरोबरच झाले असते. मात्र निंदणाला जाणाऱ्या बाईचा सोपेपणा वेगळा असतो. तिची पाठ सुटते आणि तिची मजुरीही जाते. वाफ्यात कोंडलेल्या गावकऱ्यांसारखीच तीही या वादात क्वचितच बोलताना दिसते.

म्हणजे खेळाचे गणित वावरात जसेच्या तसे लागू पडत नाही. तरीही त्यातला एक हिशेब मला उपयोगी वाटतो: कोणते कष्ट काढले, आणि ते काढताना निर्णय कुणाकडे गेला? विदर्भात गेल्या वीस-बावीस वर्षांत सोपेपणा आला तो बराचसा उलट्या बाजूने आला, असे माझे मत आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या. ती सोय खरी होती, ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक छोटी पुडी येत असे. ते बियाणे वावराच्या कडेने लावायचे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. बहुतेकांनी ते लावलेच नाही. लावायचे कशासाठी हे कुणी नीट सांगितले नव्हते आणि अळीला मुद्दाम खाऊ घालायला जागा द्यायची हे कुणालाही वेडेपणाचेच वाटले असते. त्यात फरदडीची सवय. हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटायची नाही, एक पाणी द्यायचे आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी कापूस वेचायचा. पेरणी नाही, मशागत नाही. शेतीत याहून सोपे उत्पन्न नसेल. गुलाबी बोंडअळीलाही ते तितकेच सोपे पडले, कारण तिला पुढच्या हंगामापर्यंत तग धरायला घर मिळाले. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फरदड घेऊ नका म्हणून सांगत राहिली. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले.

पुढे बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. खेळ बनवणाऱ्याला शोभेल असा हा उपाय आहे. जे काम लोक टाळणारच, ते वेगळे ठेवायचेच नाही. हा सोपेपणा मला चांगला वाटतो. पण आधीच्या पंधरा वर्षांत काय झाले? कोणते वाण, किती फवारे, पुडीचे काय करायचे, हे ठरवणे हळूहळू दुकानाच्या काउंटरवर गेले. नुकसान मात्र वावरातच राहिले. खेळात पीक गेले तर भाचा दुसरे जग उघडतो.

दादाच्या बागेत याच्या अगदी विरुद्ध एक गोष्ट दर हिवाळ्यात घडते. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडावे लागते. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडले की फेब्रुवारीच्या आसपास झाड फुलांनी लगडते. सतत पाणी मिळालेले झाड हिरवेगार राहते, पालवी काढते आणि फुलायचे विसरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, खोल काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. किती दिवस, हे दादा पानाकडे पाहून ठरवतो. जास्त झाले तर फांद्या वाळतात, कमी झाले तर बहार विरळ. मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळेच मुसळ केरात. अशा वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइडची फवारणी करून झाडाची वाढ रोखतात, म्हणजे फुले यायला मदत होते. हे दादाचे बोनमील. तेही काही टप्पेच पुढे नेते.

ठिबक आल्यापासून दादाची पाठ वाचली. पूर्वी तो रात्री वीज येईल तेव्हा उठून दांडातून पाणी वळवायचा. ठिबकाला तो शिव्या देत नाही. बोअरला देतो. बोअर सोपी झाली, जो तो खोल जात राहिला, आणि वरुड-मोर्शीकडच्या त्याच्या ओळखीच्या बागांखालचे पाणीच आटत गेले. ताण द्यायचा की नाही, हे ठरवायचीच सोय तिथे काही उन्हाळ्यांत उरली नाही.

मागच्या जानेवारीत दादा नागपूरला आला होता. बागेचे पाणी तोडून आला होता म्हणून मोकळा होता. भाच्याने त्यालाही संगणकासमोर बसवले. दादा बराच वेळ पाहत होता. दार नसलेल्या वाफ्यातल्या गावकऱ्यांकडे बोट दाखवून त्याने "यायले मजुरी काय देतं?" असे विचारले. भाचा हसला. मग दादा म्हणाला, "अन् पाणी कधी तोडतं?"

"पाणी तोडायचं नसतं, मोठे मामा. माती कोरडी झाली तर पीक हळू वाढतं."

"मंग बहार कसा येते?"

भाच्याने क्षणभर विचार केला, आणि तसा एखादा मॉड मिळतो का ते शोधायला लागला.