हाताशी होती ती वीट



ज्येष्ठ महिन्यात संत मुक्ताबाईंची पालखी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. मोताळ्याहून राजूरचा घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, देऊळगाव मही, देऊळगाव राजा आणि तिथून जालन्याकडे. आषाढी झाली की शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेने सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव करीत येते. म्हणजे वर्षातून दोनदा वारी आपल्या दारावरून जाते. आपण ओट्यावरून हात जोडतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो, जमेल तसा चहा-फराळ देतो. मग टाळांचा आवाज वळणाआड गेला की मनाशी म्हणतो, ‘पुढल्या वर्षी नक्की.’

हे ‘पुढल्या वर्षी’ म्हणणारा माणूस आळशी असतो असे समजू नका. आळशाला जायचेच नसते. याला खरोखर जायचे असते, पण नीट जायचे असते. पेरणी उरकलेली असावी, घरची सगळी सोय लागलेली असावी, गुडघा दुखायचा थांबलेला असावा, निदान चार अभंग पाठ असावेत. माळ घालायची आहे, पण सगळे नेम पाळले जातील याची आधी खात्री हवी. हरिपाठ म्हणायचा आहे, पण उच्चार अजून शुद्ध नाहीत. भजनात बसायचे आहे, पण आवाज सुरात लागत नाही. फक्त देवाच्या कामातच असे होते असेही नाही. रुसलेल्या मुलाशी बोलायचे आहे, पण योग्य वेळ सापडत नाही. कोणाची क्षमा मागायची आहे, पण शब्द जुळत नाहीत. माउली, यातले एखादे वाक्य तुमच्या ओळखीचे असेल. माझ्या तर सगळीच ओळखीची आहेत.

आपली परंपरा याला संकल्प-विकल्प म्हणते. मन एक संकल्प करते आणि त्याच्या पाठोपाठ दहा विकल्प उभे करते. गंमत अशी की हे विकल्प मोठ्या सात्त्विक वेषात येतात. ‘देवाचे काम आहे, अर्धवट कसे करायचे?’ हे ऐकायला श्रद्धेसारखे वाटते. पण थोडे खरवडून पाहा. सुरात नसलेला आवाज पांडुरंगाला खटकेल अशी भीती आपल्याला असते का? भीती असते ती शेजारी बसलेल्या चार लोकांची. मी कसा दिसेन, मला काय म्हणतील, माझी चूक निघेल का. ‘निर्दोष झाल्यावर करीन’ या म्हणण्यात पुष्कळदा तो ‘मी’च दडलेला असतो. म्हणून तो ओळखायला अवघड जातो.

ज्या मुक्ताबाईंची पालखी आपण दारात पाहतो, त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे आठवावा. लोकांच्या निंदेने ज्ञानदेवांचे मन दुखावले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. एवढा मोठा ज्ञानी, पण त्या क्षणी जगाचे बोलणे मनात घोळत राहिले. धाकटी बहीण बाहेर उभी राहिली आणि तिने त्यांना ताटी उघडायला विनवले. ते ताटीचे अभंग आजही आपण गातो. तिने असे सुचवले नाही की आधी मन पूर्ण शांत होऊ द्या, मग बाहेर या. तिने दार उघडायला सांगितले. आत बसून विचार केल्याने शांत होईल असे ते मन नव्हते. ते उघड्या दारातच निवळणार होते. आपल्यातल्या कित्येकांची ताटी अशीच आतून लागलेली असते, आणि वर्षानुवर्षे आपण त्याला चिंतन म्हणत राहतो.

मुक्ताबाईंचाच दुसरा प्रसंग तेरचा. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे. नामदेवांना ते सहन झाले नाही, आणि सगळ्यांसमोर ते कच्चे ठरले. विचार करा, ज्यांच्याशी पांडुरंग बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्यांना भर मंडळीत कच्चे म्हटले गेले. तुम्ही-आम्ही काय केले असते? घरी येऊन कोपऱ्यात बसलो असतो. ‘पक्का झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही,’ असे म्हटले असते. नामदेवही दुखावले, त्यांनी देवाकडे गाऱ्हाणे केले. पण ते बसून राहिले नाहीत. कच्चेपणासकट उठले आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. मडके फळीवर ठेवून पक्के होत नाही, त्यासाठी ते आव्यात जावे लागते. आणि आव्यात जाताना ते कच्चेच असते. आधी पक्के होऊन मग आव्यात गेलेले मडके कोणत्याही कुंभाराने पाहिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, ते संत होते, त्यांच्या हातून जे होईल ते उत्तमच व्हायचे. आपले तसे नाही. मग ज्ञानेश्वरीकडेच पाहू. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा परंपरेच्या हिशेबाने ज्ञानदेव अवघ्या पंधरा वर्षांचे होते. गीतेचा अर्थ मराठीत, सर्वांना कळेल असा सांगायचा, हे लहान काम नव्हते. ग्रंथाच्या आरंभी ते स्वतःच म्हणतात की हे धाडस म्हणजे टिटवीने चोचीने समुद्र मोजायला निघण्यासारखे आहे. आपले उणेपण त्यांनी लपवले नाही. ते सांगितले, गुरूंच्या कृपेवर भार ठेवला आणि पुढची ओवी सांगितली. अशा नऊ हजार ओव्या झाल्या.

पुढे काय झाले तेही पाहा. हातोहात नकला होत गेल्या, पाठांत चुका शिरल्या. ज्ञानदेवांचा त्यात काही दोष नव्हता. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी पोथ्या मिळवून पाठ शुद्ध केला. मध्ये २९४ वर्षे गेली. म्हणजे निर्दोष केलेल्या कामालाही काळ दोष लावतो, आणि ते निवडून काढणारा दुसरा कोणी जन्माला येतो. सगळी शुद्धी माझ्याच हातून, आजच आणि कायमची व्हावी, हा हट्ट ज्ञानदेवांनी धरला नाही. आपण कशाच्या बळावर धरायचा?

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात हे स्पष्टच सांगितले आहे. आपल्या वाट्याचे कर्म सदोष असले तरी टाकू नये, कारण अग्नीभोवती जसा धूर असतो तसा प्रत्येक आरंभाभोवती दोष असतोच. हा दाखला आपल्या घरातल्या चुलीपाशी बसून समजतो. पावसाळ्यात सरपण ओले, गोवऱ्या सादळलेल्या. चूल पेटवली की घरभर धूर होतो, डोळ्यांत पाणी येते. पण धूर होणार म्हणून आपल्या आयांनी कधी चूल पेटवायची ठेवली नाही. फुंकणीने फुंकत राहायचे, जाळ लागला की धूर आपोआप कमी होतो. धूर आधी संपवू आणि मग पेटवू, असे म्हणणाऱ्याच्या घरी भाकरी होत नाही.

आता एक शंका रास्त आहे. मग विचार करायचाच नाही का? मनात आले की उडी घ्यायची? तसे नाही. आपण शेतकरी माणसे, घाईचे फळ आपल्याला ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथले भाकीत ऐकायला लोक जमतात. ते ऐकून पेरणीचा अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. पण पेरायचे कधी, हे अखेर ज्याने त्याने आपल्या वावरात उभे राहूनच ठरवायचे असते. पहिल्या सरीला भुलून पेरले आणि पुढे उघडीप पडली तर दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून जाणता शेतकरी थांबतो. माती उकरून ओल किती खोल गेली ते पाहतो, ढेकूळ मुठीत दाबून पाहतो. हा विचार खरा. पण एकदा वापसा आला की तो तिफण जुंपतो. तेव्हा तो असे म्हणत नाही की दिवाळीपर्यंत पाऊस कसा पडेल ते आधी कळू दे. वापसा चार दिवसांचा असतो. तो गेला की तेच बियाणे, तेच वावर, तोच शेतकरी, आणि तरी उपयोग नसतो.

विचारालाही असाच वापसा असतो. जोवर विचाराने नवे काही कळते आहे तोवर विचार करावा. तेच ते प्रश्न फिरून फिरून येऊ लागले, उत्तर ठाऊक असूनही पुन्हा विचारावेसे वाटू लागले, की समजावे ओल पुरेशी झाली आहे. त्यानंतरचा विचार म्हणजे टाळाटाळ.

हे मला पोथीतून कळायला हवे होते. कळले दुसऱ्या रीतीने. माझा आणि थोरल्या भावाचा धुऱ्यावरून वाद झाला. चूक दोघांची होती, पण बोललो मी जास्त. बोलणे बंद झाले. दादाचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, पायी दहा मिनिटांवर. दरवर्षी वारीहून येताना मी त्याच्यासाठी बुक्क्या-लाह्यांची वेगळी पुडी बांधून आणायचो. येताना वाटेत ठरवायचो की असे म्हणू, तसे म्हणू. गावात आलो की वाटायचे, शब्द अजून बरोबर बसत नाहीत. माफी मागितली तर धुराही सोडला असे तो समजेल. नाही मागितली तर जाऊन काय उपयोग? दोन-चार दिवसांनी जाऊ. पुडी देव्हाऱ्यात राहायची. अशी चार वर्षे गेली. पाचव्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात दादा गेला.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही वारीहून आले की हे दोन-तीन दिवस संध्याकाळचे ओट्यावर बसायचे. म्हणायचे, आज येईल तो पुडी घेऊन.”

त्याला माझे शब्द नको होते. धुराही नको होता. पुडी घेऊन ओट्यापर्यंत येणारा माणूस हवा होता, आणि तेवढे तर मला पहिल्याच वर्षी जमण्यासारखे होते. मी जे चार वर्षे घडवत बसलो, त्याची कोणालाच गरज नव्हती. माउली, माझी ही गोष्ट केवळ पश्चात्ताप म्हणून वाचू नका. तुमच्या देव्हाऱ्यात कोणाच्या नावाची पुडी पडून आहे का, ते एकदा पाहा.

आणि त्यानंतर पंढरपूरच्या विटेकडे पाहा.

पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारात आला. पुंडलिकाने काय केले? सेवा टाकून चौरंग शोधायला धावला नाही. देवाच्या योग्यतेचे आसन घरात नाही म्हणून लाजून दारही लावले नाही. हाताशी होती ती वीट पुढे टाकली. ती वीट कोरीव होती का, सरळ होती का, हे कोणी सांगत नाही. कारण ते कोणी पाहिलेच नाही. जगाचा धनी तिच्यावर उभा राहिला आणि अठ्ठावीस युगे उभा आहे.

तो पुंडलिक तरी आधीपासून थोर होता का? हाच पुंडलिक एकेकाळी आईवडिलांना छळणारा होता, असे आपण कीर्तनात ऐकतो. डोळे उघडल्यावर तो जर म्हणाला असता, ‘माझ्यासारख्या पाप्याने सेवा कोणत्या तोंडाने करावी, आधी पात्र होतो,’ तर म्हाताऱ्या आईवडिलांना त्या पात्रतेची वाट पाहत बसावे लागले असते. त्याने आहे तसा असतानाच पाय चेपायला घेतले. पात्रता सेवा करता करता आली, आणि देवही तिथेच आला.

माउली, आपल्या हाताशी काही ना काही असतेच. सुरात नसलेला आवाज, न समजता म्हटलेला हरिपाठ, दुखरा गुडघा, अर्धवट जुळलेले शब्द. ही आपली वीट. महिनाभराची वारी जमत नसेल तर पालखी आपल्या हद्दीतून जाईल तेव्हा एका मुक्कामापुरते तरी चाला. दोन अभंग येत असतील तर दोनच म्हणा. टाळ चुकला तर शेजारचा वारकरी तुमच्याकडे पाहील, हसेल, आणि हात धरून ठेका दाखवील. दिंडीत असेच शिकतात. आणि कोणाकडे जायचे राहिले असेल, तर हा अंक मिटून ठेवा आणि चपला घाला. दारात पोहोचल्यावर काय बोलायचे ते तिथे सुचेल. नाही सुचले तर नुसते बसा.

ज्याच्याकडे आपण जातो तो कटीवर हात ठेवून उभा आहे. घाई त्याला नाही. वापसा आपला जातो.

रामकृष्ण हरी.