तक्रार कुणाच्या कानावर घालायची?

ऑनलाइन मागवलेल्या पार्सलमधून हल्ली वस्तूच्या जोडीला एक रंगीत कार्डही निघतं. एका बाजूला पाच पिवळे तारे आणि 'आवडलं तर सगळ्यांना सांगा'. दुसऱ्या बाजूला 'काही अडचण असेल तर रेटिंग देण्याआधी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा'. काही कार्डांवर पाच स्टारचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला पन्नास-शंभर रुपये परत देण्याचं आमिषही असतं. ती सरळसरळ लाच आहे, तिच्याबद्दल वेगळं बोलायला नको. पण व्हॉट्सअ‍ॅपची विनंती इतक्या सहज झटकता येत नाही. कौतुक चारचौघांत करा आणि तक्रार आमच्या कानात सांगा, असं दुकानदार म्हणाला तर त्यात त्याचं काय चुकलं? नात्यागोत्यात आपणही हेच पाळतो.

मग विकणाऱ्याबद्दल वाईट लिहायचंच कशाला, आणि कुणासाठी? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे.

अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठाने व्यापार करणारे मगरिबी ज्यू व्यापारी आपला माल दूरदेशीच्या आडत्यांच्या हवाली करत. माल पोचला का, किती भावाने विकला, हे डोळ्यांनी पाहायची सोय नव्हती. जुन्या कैरोतल्या एका सिनेगॉगच्या कोठीत साठलेल्या कागदांत त्यांची पत्रं सापडली. त्यांच्या आधारे अवनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ साली असं मांडलं की, आडत्याने लबाडी केली की ती खबर पत्रांतून फिरे आणि ज्यांचं काहीच बुडालेलं नसे तेही त्याला काम देणं थांबवत. या मांडणीवर पुढे इतिहासकारांनी बरेच आक्षेप घेतले. तरी ती पत्रव्यवस्था कशी चालत असेल याचा विचार केला की एक गोष्ट ध्यानात येते. पत्रावर लिहिणाऱ्याचं नाव असायचं. उगाच कुणाची बदनामी केली तर पत लिहिणाऱ्याचीच जायची. तक्रार करणं स्वस्त नव्हतं, म्हणून तिला वजन होतं.

इंटरनेटवर हा प्रकार आणला तो ईबेने. पिएर ओमिड्यार याने १९९५ साली कॅलिफोर्नियात लिलावाची वेबसाइट काढली. सुरुवातीच्या काळात तिथे एक बिघडलेला लेझर पॉइंटरसुद्धा विकला गेला. अनोळखी लोक एकमेकांना पैसे आणि वस्तू पाठवू लागले, तशी भांडणंही आली आणि ती सगळी ओमिड्यारच्या ईमेलमध्ये येऊन पडू लागली. रोज कोण न्यायनिवाडा करत बसणार? फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने सगळ्यांना उद्देशून पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की बहुतेक माणसं सरळ असतात, काही नसतात. तेव्हा ज्याचं चांगलं वाटलं त्याचं कौतुक करा, ज्याचं वाईट वाटलं त्याची तक्रार करा, पण उघड्यावर, सर्वांसमक्ष. चांगल्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. म्हणजे तक्रारीचा पहिला श्रोता कंपनी नव्हती आणि विकणाराही नव्हता. तो होता उद्या येणारा ग्राहक.

पण लोकांनी केलं काय? पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या अभ्यासकांनी ईबेवरच्या १९९९ मधल्या व्यवहारांची छाननी केली. निम्म्याहून थोड्या जास्त खरेदीदारांनी शेरा दिला होता, आणि त्यातले ९९.१ टक्के शेरे चांगले होते. वाईट फक्त ०.६ टक्के. इतकी सचोटी जगातल्या कुठल्याच बाजारात नांदत नाही. खरी गोम अशी होती की त्या काळी विकणाराही खरेदीदाराला शेरा देऊ शकत असे. बरेच विक्रेते आधी तुमचा शेरा येऊ दे म्हणून थांबून राहायचे. तुम्ही उणे एक दिलं की दुसऱ्या दिवशी तुमच्याही नावापुढे उणे एक. मग दोघांनी सहमतीने आपापले शेरे मागे घ्यायचे, अशीही सोय होती. सचोटीच्या नोंदवहीचं हळूहळू लग्नातल्या आहेराच्या वहीत रूपांतर झालं: त्यांनी केलं तेवढं आपण करायचं.

२००८ साली ईबेने विक्रेत्यांचा खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. विक्रेते चिडले, आणि त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. पैसे बुडवणारे खरेदीदारही असतातच. सुडाची भीती गेली, आता लोक मोकळेपणाने लिहितील अशी अपेक्षा होती. तरीही ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या अभ्यासकांनी पुढे ईबेचे आकडे पाहिले तेव्हा विक्रेत्यांच्या चांगल्या शेऱ्यांचं सरासरी प्रमाण ९९.३ टक्के निघालं. नियम बदलला तरी भीड गेली नव्हती.

या दोघांनी जे केलं ते मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत मार्मिक वाटतं. त्यांनी गप्प बसलेल्यांनाही मोजलं. एकूण विक्रीपैकी किती जणांनी चांगला शेरा दिला असं प्रमाण काढलं, म्हणजे काहीच न लिहिणाऱ्यांचं मौन विक्रेत्याच्या विरोधात धरलं. हा आकडा सरासरी ६४ टक्क्यांच्या आसपास आला आणि कोण विक्रेता खराब अनुभव देईल याचा अंदाज त्यावरून अधिक चांगला बांधता येऊ लागला. वाईट अनुभव आलेली माणसं भांडत नाहीत, निमूट निघून जातात. पण हा आकडा गिऱ्हाइकाला दिसत नव्हता. तो वापरून पाहिला तो शोधलेल्या वस्तूंची यादी वरखाली करण्यासाठी. तुमच्या-माझ्या सभ्य मौनाचा अर्थ कंपनीला कळतो. पुढच्या खरेदीदाराच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

म्हणून सरसकट एक स्टार ठोकत सुटावं का? लुईस काब्राल आणि अली होर्ताचसू यांनी ईबेच्या विक्रेत्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिला वाईट शेरा येईपर्यंत आठवड्याची विक्री सरासरी ५ टक्क्यांनी वाढत होती. तो आल्यावर ती ८ टक्क्यांनी घसरू लागली. आपल्याला दोन मिनिटांचा राग, त्याला धंद्याची कलाटणी. त्यातून राग बऱ्याचदा भलत्यावरच निघतो. पार्सल कुरिअरवाल्याने आपटलं, मापाचा तक्ता आपणच नीट वाचला नाही, रंग मोबाइलच्या स्क्रीनवर वेगळा दिसला. आणि स्टार कापले जातात ते घरी बसून पिशव्या शिवणाऱ्या बाईचे. मगरिबी व्यापाऱ्याला चुकीच्या तक्रारीची किंमत मोजावी लागे. आपण टोपणनावाने लिहून मोकळे होतो.

आपल्याकडे या पेचाला एक वेगळं उत्तर शोधलं गेलं होतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधले आणि महिन्याचा माल एकत्र खरेदी करून वाटायला सुरुवात केली. डाळीत खडे निघाले तर एकट्याने वाण्याशी हुज्जत घालायची नाही. तक्रार संघटनेकडे जायची आणि संघटना पुरवठादाराशी बोलायची. त्यात कुणाची जाहीर शोभाही होत नसे आणि तक्रार दाबलीही जात नसे. पण त्यासाठी दर महिन्याला कुणाच्या तरी घरी माल उतरवायला आणि मोजायला माणसं लागतात. ॲपवर खरेदी करणाऱ्याला शेजारी कुठून आणायचे? कायदा फार तर कुंपण घालतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहायला मनाई केली, २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानकही आणलं, तेही ऐच्छिक. खऱ्या ग्राहकाने काय लिहावं हे त्यात कुणी सांगू शकत नाही.

मला स्वतःला हे ठरवावं लागलं ते एका जुन्या दिवाळी अंकापायी. विक्रेत्याने लिहिलं होतं, 'स्थिती उत्तम, सर्व पानं शाबूत'. अंक आला. कडांना कसर लागलेली, पिना गंजलेल्या, त्याचं काही नाही. त्या वयाच्या अंकाला एवढं माफ असतं. पण मधली एक कथा कुणीतरी ब्लेडने सफाईने कापून नेली होती. बांधणीपाशी कागदाची बोटभर पट्टी तेवढी उरलेली. अनुक्रमणिकेत कथेचं नाव होतं, पानाचा आकडा होता, पान नव्हतं.

विक्रेत्याला फोन केला. "रद्दीच्या गठ्ठ्यातून येतो माल साहेब, एकेक पान कोण मोजणार?" तो म्हणाला. पैसे लगेच परत देतो, अंकही ठेवून घ्या, फक्त स्टार तेवढे कमी करू नका. माणूस लबाड नव्हता. पण पानं मोजलीच नसतील तर 'सर्व पानं शाबूत' हे त्याने कशाच्या जोरावर लिहिलं होतं? आणि तेच वाक्य त्याच्या इतर अंकांखालीही जसंच्या तसं होतं. पैसे परत मिळाल्याने माझा प्रश्न सुटत होता. त्याच यादीतून उद्या कुणी आपल्या प्रबंधासाठी अंक मागवला, तर त्याचा सुटत नव्हता.

मी तीन स्टार दिले आणि लिहिलं: आतली एक कथा कापलेली निघाली, वर्णनात तसा उल्लेख नव्हता, मागवण्याआधी अनुक्रमणिकेशी पानं ताडून फोटो मागा. पैसे आल्यावर त्याखाली आणखी एक ओळ घातली की विक्रेत्याने वाद न घालता पूर्ण रक्कम परत केली. त्याचा पुन्हा फोन आला. पैसे दिल्यावर आता रिव्ह्यू काढूनच टाका, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, काढत नाही. पण तुम्ही वर्णन बदललंत तर तेही त्यात लिहीन. तो नाराज झाला आणि त्याने फोन ठेवला. पुढे काही आठवड्यांनी पाहिलं, तर त्याच्या नव्या अंकांखाली 'पानं तपासलेली नाहीत' अशी ओळ आली होती आणि किमती थोड्या उतरल्या होत्या. जुन्या अंकांखालचं वाक्य अजून तसंच आहे, म्हणून माझा रिव्ह्यूही तसाच आहे.