मुखवटा कोणाचा, कशासाठी?
मुलांना माया संस्कृती शिकवताना कागदी मुखवटे करायला लावावेत का? जरूर लावावेत, मात्र तो मुखवटा कोणाचा आणि कशासाठी होता, हे सांगायला हवं. मेक्सिकोतल्या पालेंकेचा राजा पकाल इ.स. 683 मध्ये वारला. 1952 मध्ये त्याची कबर उघडली, तेव्हा चेहऱ्यावर हिरव्या जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता. डोळे शिंपल्याचे, बुबुळं काळ्या ऑब्सिडियनची. हिरवा हा मायांच्या लेखी कोवळ्या मक्याचा, जीवनाचा रंग. मक्याचा देव मरतो आणि पुन्हा उगवतो. राजानेही तसंच उगवावं, ही त्यामागची श्रद्धा. चेहरा झाकणं हा इथे हेतूच नव्हता. मृताला देवाचं रूप द्यायचं होतं. हिरवे चौकोन चिकटवणाऱ्या मुलाला एवढं उमगलं, तरी हस्तकलेचा तास सार्थकी लागला.

कोणी म्हणेल, हा परक्यांच्या पवित्र वस्तूशी खेळ झाला. आक्षेपात तथ्य आहे, कारण माया लोक इतिहासजमा झालेले नाहीत. ग्वाटेमालातल्या राबिनालमध्ये ‘राबिनाल अची’ हे नृत्यनाट्य दर जानेवारीत आजही मुखवटे घालून सादर होतं. म्हणूनच मुलांनी विधीची नक्कल करू नये. वस्तू निरखावी, तिची घडण समजून घ्यावी. मृत्यूचा विषय लहानांना झेपणार नाही, हा दुसरा आक्षेप. पण पेरलेला दाणा मातीत जातो आणि कोंब वर येतो, हे मुलांना ठाऊक असतं. मायांचा मृत्यूविचारही तिथेच रुजलेला आहे. तो भाग गाळला, तर मुलांच्या हाती पुठ्ठा राहील आणि माया राहून जातील.