कॅमेरा केव्हा खाली ठेवावा?



सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे ताडोबा, पेंचला जाऊन येतात. परतल्यावर मोबाईलमधला वाघ सर्वांना दाखवला जातो. आपणही कौतुकाने विचारतो, ‘किती जवळून पाहिलात?’ या साध्या प्रश्नात एक नैतिक प्रश्न दडला आहे. बंदूक जीव घेते, कॅमेरा तर नुसता पाहतो. मग फोटो काढल्याने प्राण्याचे काय जाते?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक गाडीतल्या माणसाला वाटले असेल, ‘आमची तर एकच गाडी!’ पण त्या आईपुढे भिंत उभी राहिली होती.

दुसरे उदाहरण पाहू. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधील एका मुंगीखाऊच्या छायाचित्राला पारितोषिक मिळाले. तो प्राणी पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला आणि २०१८ मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला.

छायाचित्रकारावर दोन ऋणे असतात. पाहणाऱ्याला खरे दाखवायचे आणि प्राण्याला त्रास द्यायचा नाही. पहिले मोडले तर परीक्षक पकडू शकतात. दुसरे मोडले तरी फोटो खराच राहतो, कधी कधी अधिक सुंदरही दिसतो! घरट्यापुढची फांदी तोडली की पिल्लू स्पष्ट दिसते. पण मग ऊन आणि कावळा हे दोघेही त्याच्यापर्यंत पोहोचतात. फोटोत तुटलेली फांदी दिसत नाही. म्हणूनच येथे सदसद्विवेकबुद्धीखेरीज दुसरा परीक्षक नाही.

आम्हीही यात निर्दोष नाही. एका सफारीत ‘दादा, गाडी जरा पुढे घ्या ना,’ असे आम्हीच चालकाला म्हटले. त्याने आमचे मन राखले. चरत असलेल्या सांबराने मान वर केली, कान टवकारले आणि ते झाडीत निघून गेले. आमचा फोटो हुकला, त्याचा घास हुकला. दोष चालकाला कसा द्यावा? मागणी आमची होती.

प्राण्याला ‘नको’ म्हणता येत नाही, असे आपण समजतो. पण त्याचे थांबलेले चरणे, ताठ झालेली मान हाच त्याचा नकार असतो. तो ओळखून कॅमेरा खाली ठेवणे, गाडी मागे घेणे, हा त्याचा मान राखणे होय.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी वाघाचा फोटो दाखवला, तर ‘किती जवळून?’ असे विचारू नये. ‘तुम्ही आलात तेव्हा तो काय करीत होता, आणि निघालात तेव्हाही तेच करीत होता का?’ असे विचारावे.